वाटणीतलं बुद्धिबळ

शेगावला स्टेशनातून बाहेर पडलं की टांगेवाले अंगावर धावून यायचे. त्यांच्या तावडीतून सुटून तुम्ही आमच्या लॉजवर पोचलात की गल्ल्यामागे बसलेला एक जाडजूड, पांढऱ्या मिशांचा माणूस नाव नाही, गाव नाही, पहिलाच प्रश्न टाकायचा, "घरी बुद्धिबळ हाय काय?"

लोक गोंधळायचे. कडेवर पोर, डोक्यावर वळकटी, दर्शनाची घाई, आणि हा बाबा म्हणतो बुद्धिबळ! कोणी "नाही बा" म्हटलं तर मुकाट्यानं चावी मिळायची. कोणी "आजोबाच्या वेळचं हाय एक" म्हटलं तर चावीबरोबर चहा यायचा, खुर्ची यायची, आणि मालक गल्ला सोडून त्याच्या पुढ्यात येऊन बसायचे. "हत्तीवर अंबारी हाय का मोकळा हाय? घोड्याची मान कोणीकडं वळली?" पण एखाद्यानं छाती फुगवून सांगितलं, "हाय म्हणजे? मी खेळतो ना! तालुक्यात माह्या हाताखालून सुटला नाही कोणी," की संपलंच. त्याला मोरीशेजारची खोली.

मला तीच मिळाली होती.

मी तिथल्या एका हायस्कुलात गणिताचा मास्तर म्हणून नुकता लागलो होतो. महाराष्ट्र नवा नवा झालेला. लॉजच्या पाटीवर 'मध्य प्रदेश' खोडून 'मुंबई राज्य' लिहिलं होतं, तेही खोडून 'महाराष्ट्र' लिहिलं होतं, आणि पेंटरला जागा न पुरल्यामुळे शेवटचं अक्षर पाटी सोडून भिंतीवर गेलं होतं. गावात सड्या माणसाला कोणी खोली देईना, म्हणून या लॉजवर महिन्याच्या बोलीनं उतरलो. कॉलेजात बुद्धिबळाची ढाल मिळवली होती, त्याची मिजास अंगात. पहिल्याच दिवशी तोंड उघडलं आणि मोरीशेजारी गेलो. भिंतीला ओल, डास, आणि पहाटेपासून बादल्यांचा खणखणाट. माझं डोकं मुळातच तापट. आठवड्याभरात गल्ल्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"मालक, वरची रस्त्याकडची खोली रिकामी हाय. पंखा हाय, दोन खिडक्या हायेत. थे मले द्या."

"रिकामी कोठं हाय? तिथं पाव्हणे हायेत."

"कोणते पाव्हणे? मी तर जाता-येता कोणाले पाह्यलं नाही."

"ते बाहेर जात नाहीत," मालक शांतपणे म्हणाले.

हे पाहुणे म्हणजे बुद्धिबळाचे संच. चारी भिंतींना फळ्या, फळ्यांवर पांढरं मांजरपाट, आणि त्यावर राजे, वजीर, उंट, घोडे दाटीवाटीनं उभे. मालक प्रत्येक संचाला 'बिऱ्हाड' म्हणायचे. हे बिऱ्हाड ब्रह्मदेशातून आलं, हे बऱ्हाणपूरच्या हकिमाकडचं, हे जयपुरी, याची थोडी तब्येत नाजूक आहे. यात्रेच्या गर्दीत माणसं ओसरीवर, जिन्यात, विहिरीच्या कट्ट्यावर पथाऱ्या टाकायची, पण त्या खोलीचं दार काही उघडायचं नाही. उलट मालक जिन्यात झोपलेल्या लोकांना दटावायचे, "हळू बोला बे, वर पाव्हणे हायेत."

त्या खोलीत खेळायला बंदी होती. खेळायला म्हणजे काय, खेळाचं नाव काढायलाही बंदी. मी एकदा विचारलं, "मालक, एवढे संच आणता, एक डाव तरी मांडावा वाटत नाही?"

"मास्तर, खेळ म्हणजे काय? चांगल्या चांगल्या माणसायले पटावरून उचलायचं अन् डब्यात टाकायचं. अन् शेवटी ज्याच्यापाशी जास्त उरले त्यानं मिशीले पीळ द्यायचा. हा काय धंदा हाय? बुद्धिबळाची जेवढी खराबी खेळणाऱ्यायनं केली, तेवढी वाळवीनं नाही केली."

पण खरं सांगायचं तर बघावं कसं ते मी त्यांच्याकडून शिकलो. त्याआधी माझ्या लेखी घोडा म्हणजे अडीच घरं. त्याला मान असते, आयाळ असते, कोरणाऱ्यानं ती मान वळवताना कुठंतरी श्वास रोखून धरलेला असतो, हे माझ्या गावीही नव्हतं. लाखेच्या कामाचं एक देशी बिऱ्हाड होतं, लाल आणि हिरवं. चेहरे नाहीत, हातपाय नाहीत, नुसते चरकावर धरून कातलेले गोल गोल मोहरे. मालक त्यातला वजीर तळहातावर घ्यायचे. "याले नाक नाही, डोळे नाही. तरी पाह्यल्याबरोबर समजते का हा वजीर हाय. काऊन? पोट पाहा त्याचं. पोट आत घेऊन उभा हाय. राजाच्या बाजूले उभा राहणारा माणूस कधी पोट सोडून उभा राह्यला काय?" मी पाहिलं. खरंच घेतलं होतं हो पोट आत!

हकिमाकडच्या हस्तिदंती बिऱ्हाडातल्या उंटावर नगारा होता, नगाऱ्यामागे माणूस, आणि त्याचा टिपरी उगारलेला हात तांदळाच्या दाण्याएवढा. मालक तो उंट माझ्या कानाशी धरायचे.

"आलं काय ऐकू?"

मी, गणिताचा पदवीधर, उंटाला कान लावून उभा. "नाही."

"कसं ईन? अजून मारलं कोठं त्यानं! हात वरच हाय. कारागीर तिथंच थांबला, हेच तर त्याचं मोठेपण."

भुसावळहून बदलून गेलेल्या कोण्या रेल्वेच्या साहेबाचं एक इंग्रजी बिऱ्हाड होतं. त्याच्यावर मात्र मालकांचा राग. कारण त्यात हत्तीच नव्हते, हत्तीच्या जागी दगडी बुरूज. "काय अक्कल हाय पाहा. हत्ती इकला अन् हत्तीखाना ठेवला! अन् हे लोक दीडशे वर्षं आपल्यावर राज्य करून गेले." त्यांनी कुठल्याशा मोडक्या संचातले चार हत्ती आणून त्या बुरुजांशेजारी उभे करून ठेवले होते. गोऱ्या साहेबाच्या पंगतीत ते काळेकभिन्न हत्ती असे काही दिसायचे की मला हसू आवरायचं नाही. पण त्याच संचातला घोडा दाखवताना मालकांचा आवाज खाली यायचा. "घोडा मात्र मन लावून केला. नाकपुड्या पाहा. पळून आला अन् आत्ताच थांबला."

आणखी एक बिऱ्हाड लाकडाचं होतं, त्यातल्या प्रत्येक प्याद्याला वेगळी मिशी. कोणाची झुपकेदार, कोणाची अणकुचीदार. एकाला मात्र मिशीच नव्हती. मी म्हटलं, घासली असेल. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी कोणाच्या मयतीत हसलो.

"सुतकात असन तो."

म्हणून त्याला रांगेतून काढून वेगळा, कोपऱ्यात ठेवला होता. मी विचारलं, "किती दिवस वेगळा ठेवणार?"

"मिशी येईपर्यंत," मालक म्हणाले, आणि पुढच्या फळीकडे वळले.

उन्हाळ्यात तर कळस व्हायचा. आमच्याकडचा वैशाख म्हणजे जीव नकोसा. हस्तिदंत उन्हानं तडकतं म्हणून पाहुण्यांच्या खोलीला वाळ्याच्या ताट्या लागायच्या, त्यांवर दिवसभर पाणी शिंपडलं जायचं. खाली आम्ही जिवंत माणसं भाजून निघत होतो. एकदा लोणारची एक मंडळी दर्शनाला आली होती. त्यांतल्या एकाला वरच्या गारव्याचा शोध लागला. झालं! पाच मिनिटांत सगळी मंडळी, बायका-पोरांसकट, बुद्धिबळ पाहायला वर. तासभर त्या उंटासमोर कोणी हलेना. कोणी भिंतीला टेकून डोळे मिटलेले, तरी तोंडानं "वा, वा" चाललेलं. मालक खाली आले ते डोळे पाणावून. "मास्तर, लोणारची माणसं पारखी. तळ्याकाठी राहून राहून नजरच तयार झाली त्यायची." मीच त्या मंडळीत मागं बसून एक झोप काढून आलो होतो.

लॉज चालायचा तो मालकीणबाईंमुळे. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. स्वयंपाक, चाव्या, धोब्याचे कपडे, सगळं त्यांच्याकडे. नवऱ्याच्या या छंदावर त्यांचं एवढंच म्हणणं होतं, "मले पाहाले आले तेव्हा यायनं मान वर करून पाह्यलं नाही. अन् त्या उंटाले पाहा कसे फिरवून फिरवून पाह्यतात!" पण वाळ्यावर पाणी शिंपडायचं काम त्यांनी कधी दुसऱ्याला दिलं नाही.

माझ्या लक्षात यायला उशीर लागला, पण त्या खोलीत खिडकीशी एक लहानसं मेज होतं आणि त्याची गोष्ट वेगळी होती. मेजावर कापडी पटाचा अर्धा तुकडा, मधोमध कात्रीनं कापलेला. त्यावर सोळा पांढरे मोहरे मांडलेले. हस्तिदंतीच, पण दिखाऊ काम नाही, साधं. घोड्यांना मात्र डोळे कोरलेले होते, आणि ते डोळे समोर कोणाला तरी रोखून पाहायचे. समोर कोणीच नव्हतं. मेजाचा उरलेला भाग मोकळा.

नवं बिऱ्हाड आलं की मालक मला हाक मारायचे. खोलीचं दार लावायचे, आणि नव्या संचातली रंगीत बाजू, लाल असो, हिरवी असो, काळी असो, त्या मोकळ्या भागावर पांढऱ्यांसमोर एकेक करून मांडायचे. मग मेजाच्या उंचीवर डोळे आणून, कोंबड्यासारखी मान करून, एकदा या बाजूनं एकदा त्या बाजूनं पाहायचे. शेवटी ते गुडघ्यावर हात टेकून उठायचे.

"नाही जमत. डोयाले डोया भिडत नाही."

आणि ते बिऱ्हाड फळीवर जायचं. असे किती संच आले आणि फळीवर गेले. म्हणजे ही सगळी जत्रा मुळात त्या सोळांच्या समोरच्यांसाठी जमली होती. मी काकूंना गाठलं. त्या गहू निवडत होत्या. त्यांनी सांगितलं.

मालक मूळचे दुसरबीडचे, दोघा भावांत धाकटे. घरी शेती, वडलांना बुद्धिबळाचा नाद, हा संच त्यांचा. अर्धे पांढरे, अर्धे लाखेच्या रंगात बुडवलेले लाल. वडील गेले आणि दोघा भावांची वाटणी निघाली. रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरल्यानं दोन वाटे पाडले. एकात बरड रान आणि घराची पुढची बाजू, दुसऱ्यात विहिरीचं रान, आणि वर बुद्धिबळही त्यातच घातलं. धाकट्याचा त्याच्यावर जीव आहे हे त्याला ठाऊक होतं. विहीर दिसली की उचलेल, असा साधा हिशेब. पण धाकटा भडकला! "विहीरही मले, बुद्धिबळही मले? मी काय भिकारी हाय? उपकार करून राह्यला माह्यावर?" थोरला म्हणाला, "मी माया केली तर त्याला उपकार म्हणतो? मग जा, आता काहीच मायेनं नाही, सगळं मापानं."

मग मापानंच झालं. दोन बैल होते, एकेक घेतला. जोडी फुटल्यावर एकही कामाचा राहिला नाही. दाराच्या दोन फळ्या होत्या, त्या एकेक. (लॉजच्या ओसरीत आम्ही ज्या बाकड्यावर चहा प्यायचो, ते बाकडं म्हणजे ती फळी.) बुद्धिबळाची वेळ आली तेव्हा पंच भुकेनं कासावीस झालेले. पांढरे याला, लाल त्याला. पटाचं काय? पंचांत एक शिंपी होता. त्यानं खिशातून कात्री काढली.

"अन् मग?" मी म्हटलं.

"मग काय? जेवले अन् गेले," काकू म्हणाल्या. "हे आपला वाटा इकून टाकून इकडे आले. तवापासून दोघं भाऊ एकमेकाच्या दारात नाही गेले. थे सोळा लाल समोर पाह्यजे एवढंच यायच्या जिवाले लागलं हाय. मागायचे नाहीत, अन् त्यायनं देल्ले तर घ्यायचे नाहीत. आता बोला."

माझं डोकंच फिरलं. मी वर जाऊन मालकांना म्हटलं, "एक मोटार पकडा, दुसरबीडले जा, भावाच्या हाताले धरा अन् घेऊन या." मालकांनी वजिरावरची धूळ फुंकली. "मास्तर, तुमी गणित शिकवा."

पुढं एका पुनवेला गर्दी अशी उसळली की गावात पाय ठेवायला जागा नाही. दुपारची वेळ. मालक गल्ल्यावर खाली मान घालून चाव्या देत होते. मी बाकड्यावर बसून वह्या तपासत होतो. एक उंच, वाळका म्हातारा आत आला, खांद्याला पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. दुसरबीडहून आमच्याकडे यायचं म्हणजे मेहकरला मोटार बदला, खामगावला बदला, दिवस जायचा.

मालकांनी वर न बघता विचारलं, "घरी बुद्धिबळ हाय काय?"

"हाय," म्हातारा म्हणाला. "अर्धं."

मालकांच्या हातातली चावी गल्ल्यात पडली. काकू आतून धावत आल्या, डोक्यावरून पदर ओढून थोरल्यांच्या पाया पडल्या. दोघे भाऊ एकमेकांकडे पाहात होते, आणि बोलत मात्र होते गिऱ्हाईक-दुकानदारासारखं.

"दर्शनाला आलो होतो. खोली पायजे. फुकट नको."

"फुकट देते कोण इथं?" मालक म्हणाले. "पिशवीत काय हाय?"

"कपडे."

थोरल्यांनी पिशवी खाली ठेवली. आत दबकी खडखड झाली.

"कपडे वाजतात काय, दादा?"

थोरल्यांनी नाक खाजवलं. "मोटारीत बसता बसता सहज टाकले पिशवीत."

सहज म्हणे! एकेक मोहरा धोतराच्या चिंधीत गुंडाळून, वर सुतळी बांधून आणला होता. पटाचा अर्धा तुकडाही घडी करून होता. आम्ही सगळे वर गेलो. थोरल्यांनी भिंतीवरच्या त्या सगळ्या राज्यांकडे, फौजांकडे एकदा पाहिलं, "येडा झाला काय तू?" म्हणाले, आणि सरळ खिडकीशी गेले. त्यांनी तुकडा तुकड्याला लावला. इकडचा बरेचदा धुवून आखडला होता, तिकडचा तसाच होता, त्यामुळे घरं काही जुळेनात. मग त्यांनी लाल मोहरे मांडले. शेवटी घोडे.

मालक मेजापाशी वाकले आणि तसेच खाली जमिनीवर बसले. घोड्याला घोडा भिडला होता. डोळ्याला डोळा. काकूंनी पदर डोळ्याला लावला. आता हे दोघे गळ्यात पडतात की काय, म्हणून मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

"राहू दे इथंच," थोरले म्हणाले. "तू ठेव."

"मी काऊन ठेवू? तू थोरला, तू घेऊन जा माहे सोळा."

"मला नको तुझे उपकार."

"मले तरी काऊन पाह्यजे तुहे?"

झाली का नाही सुरुवात! अर्धा तास. आवाज चढले, वाटणी निघाली, विहीर निघाली, बैल निघाले. माझं टाळकं सरकलं. मी ओरडलो, "अहो, एक डाव खेळा न! जो जिंकन त्याचे बत्तीसही! जिंकलेल्यात उपकार कायचा?"

खेळाला जन्मभर शिव्या घालणारा माणूस हळूच म्हणाला, "हाव. हे जमन."

तर असा तो डाव सुरू झाला, आणि त्यासारखा डाव मी ना आधी पाहिला ना नंतर. थोरले दर पुनवेला दर्शनाच्या नावाखाली यायचे. दुपारचं जेवण झालं की दोघे मेजाशी बसायचे. निघताना थोरले आपले सोळा लाल चिंध्यांत बांधून परत घेऊन जायचे, कारण विश्वास नाही! मग पुढच्या पुनवेला मोहरे मागच्या जागी मांडताना पहिला तास भांडणात. "माझा हत्ती कोपऱ्यात होता." "कोपऱ्यात? घोड्याच्या मागं होता थो. मास्तर, सांगा याले." मी पंच. मोहरे कुठं होते ते मी डोक्यात ठेवायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या.

त्यात हे दोघे मारामारीच करीनात. मोहरा मारायची वेळ आली की मालक घाबरायचे, "मारला तर कोणाच्या डब्यात राहन थो?" थोरले म्हणायचे, "राहू दे बिचारा." मग दुसरंच काही सरकवायचे. एकही मोहरा पटाबाहेर गेला नाही. बत्तीसच्या बत्तीस मधोमध कोंबलेले, आठवडी बाजारात माणसं अडकावीत तसे. कोणाला हलायला जागा नाही. आणि दोघे समाधानानं चहा पीत बसलेले. शेताच्या गोष्टी निघायच्या, वडलांच्या निघायच्या, कोणाच्या पोटदुखीच्या. थोरल्यांची बोली जालन्याकडे झुकलेली, ते 'मला-तुला' म्हणायचे. मालक त्यांची नक्कल करून हसायचे. मालकांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसांत नवं बिऱ्हाड एकही आलं नाही.

मी मात्र पटाकडे बघून जळत होतो. खेळणारा माणूस ना मी! थोरल्यांचा लाल राजा त्यांच्याच माणसांनी चहूकडून घेरलेला, पाऊल टाकायला घर नाही. मालकांचा पांढरा घोडा एकदा अडीच घरं टाकला की मात. सरळ, स्वच्छ मात. घोड्याला अडवणार कोण? मालकांना दिसेना. ते प्यादं एक घर सरकवायचे. पुढच्या पुनवेलाही तेच. त्याच्या पुढच्याही. जी गोष्ट जन्मभर हवी ती बोटभर अंतरावर, आणि हा माणूस हत्ती कुरवाळतोय! एका पुनवेला मालकांनी त्या घोड्यावर हात ठेवला, त्याची मान चोळली, आणि पुन्हा बाजूचं प्यादं उचललं. तेव्हा माझा तोल गेला.

"मालक! घोडा टाका न तिथं! मात हाय! कवाची मात हाय!"

मालकांनी प्यादं खाली ठेवलं. कानापर्यंत लाल झाले होते.

"मले काय डोये नाहीत, मास्तर? मले दिसत नाही?"

"मग काऊन नाही टाकत?"

"अन् टाकला घोडा, झाली मात, बत्तीसही माहे झाले," मालक म्हणाले, "तर पुढच्या पुनवेले हा कायले ईन इथं?"

थोरले ताडकन उठले.

"म्हणजे तुला दिसत होतं? अरे, मी काहून राजा तिथं कोंडून ठेवला? चहूबाजूंनं माझेच लोक लावले, का तुला सोपं जावं! एवढ्या पुनवा मी हरायला येऊन राह्यलो, अन् तू प्यादे सरकवून राह्यला?"

"हरायले? मले जिंकवायले?" मालकही उठले. "म्हणजे पुन्हा उपकारच!"

"उपकार तू केला! मला न हरवून!"

काय ते भांडण! मी जन्मात असं ऐकलं नाही. एक म्हणतो तू मला जिंकू दिलं, दुसरा म्हणतो तू मला हरू दिलं नाही. फळ्यांवरची बिऱ्हाडं हादरायला लागली. खालून माणसं जिन्यात जमा झाली. थोरले लाल मोहरे ओरबाडून चिंध्यांत कोंबू लागले. "संपलं! आता मेल्यावर ये मातीला." मालक ओरडत होते, "जा, जा! तुह्या सोळायनं माहं काही अडलं नाही!" असं ओरडत ते पिशवीच्या बाजूनं मेजाला वळसा घालून आले, आणि मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलं, तोंडानं शिव्या चालूच होत्या, आणि ज्या माणसानं कधी कोणाला आपल्या मोहऱ्याला बोट लावू दिलं नाही, त्यानं आपला पांढरा राजा उचलून हळूच भावाच्या पिशवीत सोडला.

मी तोंड उघडणार होतो. मालकांनी माझ्या पायावर जोरात पाय दिला.

थोरल्यांनी पिशवी खांद्याला मारली आणि दारापर्यंत गेले. तिथं थांबले. त्यांनी पिशवी पुन्हा खांद्यावरून काढली, हातावर तोलली. खाली ठेवली नाही, उघडली नाही, नुसतं जरा वेळ धरून उभे राहिले. मग परत खांद्याला लावली, आणि भावाकडे न बघता मला म्हणाले, "मास्तर, याला सांगा, पुढच्या पुनवेला माझी मोटार खामगावात उशिरा लागते. जेवायला माझ्यासाठी थांबू नका म्हणावं."

मालक हातभर अंतरावर उभे होते. भिंतीकडे तोंड फिरवून तेही मलाच म्हणाले, "सांगा त्याले, थांबीन म्हणा."

मी सांगायला दाराशी गेलो. थोरले जिना उतरायला लागले होते.